गोणपाटावर गाणे भरणारी व्हायोलेता पार्रा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत या खेपेस मीही चार ओळी लिहाव्यात असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखणीपेक्षा लाटणे आणि सुई हीच हाताच्या सवयीची. दरवर्षी या पानांत जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांची चरित्रे येतात आणि ती आपण सर्वजणी आवडीने वाचतो. मी मात्र फार दूरच्या एका बाईंविषयी लिहिणार आहे. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नसेल. त्यांच्या देशात मात्र ते शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

झाले असे, की माझी थोरली मुलगी कॉलेजात शिकते. गेल्या पावसाळ्यात मी फाटक्या चादरीला ठिगळ लावत बसले होते, तेव्हा तिने आपल्या फोनवर मला एक जुना चित्रपट दाखवला. १९६५ साली स्वित्झर्लंडमध्ये काढलेला, काळापांढरा. त्यात एक बाई आहेत. केस मोकळे, अंगावर साधे कपडे, चेहऱ्यावर देवीचे वण. समोर पोत्याचे मोठे कापड धरून लोकरीने त्यावर भरत आहेत आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देत आहेत. भाषा मला एक अक्षर कळली नाही. परंतु सुई धरण्याची रीत पाहिली आणि ही बाई आपल्यातली आहे असे वाटले. मग मी मुलीच्या मागे लागले. ती मिळेल तिथून वाचून मला मराठीत सांगे आणि मी वहीत उतरून घेई. त्या वहीतले हे लिहिणे आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

त्या बाईंचे नाव व्हायोलेता पार्रा. देश चिली. हा देश दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागून, एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस अँडीज पर्वत अशा बेचक्यात पसरलेला आहे. मिरचीचा त्याच्या नावाशी काही संबंध नाही म्हणतात, पण नकाशावर तो दिसतो मात्र लांबच लांब मिरचीसारखाच.

व्हायोलेतेचा जन्म ४ ऑक्टोबर १९१७ रोजी न्युब्ले प्रांतात, सान कार्लोसच्या बाजूला झाला. वडील निकानोर पार्रा हे शाळेत संगीत शिकवीत. आई क्लारिसा शेतकरी घरातली. ती लोकांचे कपडे शिवून संसाराला हातभार लावी आणि शिवताना गाणी म्हणे. घरात मुलांची दाटी. सर्वांत थोरला भाऊ निकानोर पुढे मोठा कवी झाला, परंतु त्या वेळी घरात दोन घास सर्वांना पुरतील की नाही हीच रोजची चिंता होती. लहानपणीच व्हायोलेतेला देवी आल्या. जीव वाचला, पण चेहऱ्यावर वण कायमचे राहिले. आपल्याकडेही देवी आलेल्या मुलींना काय काय ऐकून घ्यावे लागे, हे जुन्या बायकांना वेगळे सांगायला नको.

वडिलांना गिटार फार छान येई. तरी मुलांनी गाणेबजावणे धरू नये असे त्यांना वाटे. त्यात पोट भरत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत असणार. म्हणून ते गिटार कुलपात ठेवीत. त्या कुलपाची किल्ली आईच्या शिवणाच्या मशीनच्या खणात असे. व्हायोलेतेने ते हेरले आणि सात वर्षांची असताना ती किल्ली पळवली. वडील वाजवताना बोटे कुठे ठेवतात हे तिने आधीच पाहून ठेवले होते. असे त्या पुढे स्वतःच सांगत. त्या खणातल्या रिळांत, बटणांत आणि खडूच्या तुकड्यांत ती किल्ली पडलेली मला अगदी डोळ्यांपुढे दिसते. त्यांचे सगळे आयुष्य त्या एका खणातून निघाले म्हटले तरी चालेल.

पुढे दिवस फिरले. सरकारने पुष्कळ शिक्षकांना कामावरून कमी केले, त्यांत वडिलांची नोकरी गेली. ते दारूच्या आहारी गेले आणि क्षयाने वारले. आई रात्र रात्र मशीनवर बसू लागली. ही मुले मग चियान गावात आणि आसपास गाणी म्हणून पैसे आणू लागली. बाजारात, रस्त्यावर, आगगाडीत, कुठे सर्कस आली तर तिथे. शाळेला रामराम ठोकावा लागला. थोरला भाऊ शिकायला राजधानीत, सांतियागोला गेला होता. १९३०नंतरच्या त्या वर्षांत पोरवयातली व्हायोलेता त्याच्याकडे गेली. भावाने तिला शाळेत घातले, पण तिचे मन तिथे रमले नाही. इल्दा नावाच्या बहिणीला घेऊन ती खाणावळींत आणि दारूच्या गुत्त्यांत गाऊ लागली. हे वाचून कुणी नाक मुरडेल. पण घरात खाणारी तोंडे मोजली म्हणजे नाक सरळ होते.

१९३८ साली त्यांचे लग्न झाले. नवरा लुईस सेरेसेदा रेल्वेत कामाला होता. इसाबेल आणि आन्हेल अशी दोन मुले झाली. नवऱ्याला घर धरून बसणारी बायको पाहिजे होती. बाईंचा पाय घरात ठरत नव्हता आणि गळाही ठरत नव्हता. दहा वर्षांनी दोघे वेगळे झाले. पुढल्या वर्षी लुईस आर्से यांच्याशी दुसरे लग्न झाले आणि कार्मेन लुईसा व रोसिता क्लारा या दोन मुली झाल्या. इथवरचे त्यांचे आयुष्य म्हणजे पोटासाठी गाणाऱ्या एका बाईचे आयुष्य होते. लोकांना जी गाणी आवडत ती त्या म्हणत. स्पेनची, मेक्सिकोची, कुठलीही.

खरा बदल १९५२-५३च्या सुमारास झाला. भावाने त्यांना सुचवले, की आपल्याच मुलखातली जुनी गाणी म्हाताऱ्या माणसांबरोबर चालली आहेत, ती गोळा कर. त्या वेळी बाईंचे वय पस्तीस. पदरात मुले. गाण्याचे शास्त्र त्या शिकल्या नव्हत्या, सुरांची लिपी त्यांना लिहितावाचता येत नव्हती. तरी वही, पेन्सिल आणि गिटार घेऊन त्या निघाल्या. सुरुवात केली ती सांतियागोच्या कडेच्या वस्त्यांतून. बारांकास नावाच्या भागात रोसा लोर्का म्हणून एक म्हातारी होती. ती सुईण होती, झाडपाल्याचे औषध देई आणि आणखी एक काम करी, त्याविषयी पुढे सांगते. पुएन्ते आल्तो इथल्या इसायास आंगुलो नावाच्या वृद्ध शेतकऱ्याकडून त्या पंचवीस तारांचे गितार्रोन नावाचे जुने वाद्य शिकल्या. ते बायका वाजवीत नसत. पुढे ध्वनिमुद्रणाचे यंत्र मिळाले, तेव्हा ते पाठीशी घेऊन देशाच्या दूरदूरच्या कोपऱ्यांत गेल्या. म्हाताऱ्या सुरुवातीला गात नसत. मला काही येत नाही, असे म्हणत. मग बाई त्यांच्याबरोबर शेंगा सोलायला किंवा चूल फुंकायला बसत, आपण एक गाणे म्हणत, आणि म्हातारी हळूच सांगे की ते तसे नाही, असे आहे.

इथे मला थांबून एक गोष्ट कबूल करायची आहे. माझ्या आईला जात्यावरच्या ओव्या इतक्या पाठ होत्या, की पहाटे सुरू झाली म्हणजे पायलीचे दळण संपेपर्यंत एक ओवी दुसऱ्यांदा येत नसे. घरात पिठाची गिरणी आली, जाते परसात गेले आणि ओव्या बंद पडल्या. ती गेली त्याला आता अकरा वर्षे झाली. मी तिच्याजवळ बसून एकही लिहून घेतली नाही. माझ्याजवळ वही होती, पेन्सिलही होती. व्हायोलेताबाईंचे हे वाचताना मुलगी पुढे वाचत गेली आणि माझे लक्ष मात्र कितीतरी वेळ परसातल्या जात्याकडेच लागले होते.

असो. १९५४ साली सांतियागोच्या रेडिओवर बाईंचा गाण्याचा कार्यक्रम सुरू झाला. शहरातली माणसे आपल्याच खेड्यातली गाणी प्रथमच अशी कान देऊन ऐकू लागली. मानाचे पारितोषिक मिळाले आणि १९५५ साली पोलंडमधील वॉर्सा इथे भरणाऱ्या तरुणांच्या जागतिक महोत्सवाला येण्याचे निमंत्रण आले. बाई गेल्या. धाकटी रोसिता क्लारा तेव्हा पाळण्यातली. तिला घरी ठेवून गेल्या. बाई युरोपात असतानाच इकडे मुलगी आजारी पडून वारली.

रोसा लोर्काचे दुसरे काम आता सांगते. चिलीच्या खेड्यांतून पूर्वी अशी चाल होती, की तान्हे मूल गेले म्हणजे ते देवदूत होऊन थेट स्वर्गात जाते असे समजत. त्याला पांढरे झबले घालीत, कागदाचे पंख लावीत, फुलांत बसवीत, आणि शेजारपाजारचे गवई रात्रभर त्याच्यापुढे गात. आईने रडायचे नाही. कारण तिच्या आसवांनी बाळाचे पंख भिजतात आणि त्याला वर उडता येत नाही. रोसा लोर्का अशा बाळांना सजवण्याचे काम करी. तिच्याकडूनच बाईंनी ही सगळी रीत आणि तिची गाणी समजून घेतली होती, परक्यांच्या बाळांसाठी रात्रभर गायची गाणी. आणि स्वतःचे बाळ गेले तेव्हा त्या हजारो मैलांवर होत्या.

त्या लगेच परत आल्या नाहीत. पॅरिसला राहिल्या, तिथल्या एका लहानशा ठिकाणी रात्री गात राहिल्या, आणि १९५६च्या अखेरीस घरी आल्या. दुसरा संसारही तोवर मोडला होता. मुलीने हे वाचले तेव्हा मी पटकन म्हणाले, की अशी कशी ही आई! मुलगी म्हणाली, वडील परदेशी गेले असते तर तू असे म्हणाली असतीस का? मला उत्तर देता आले नाही. आजही नीट देता येत नाही. मला राग येतो आणि मग त्या रागाचीच लाज वाटते. बाईंनी स्वतः यावर सबब सांगितली नाही. गेलेल्या मुलीवर त्यांनी कवन रचले आणि पाळण्यात सोडून गेल्याचा दोष त्यात आपल्याकडेच घेतला. पुढे त्या कागदाच्या पंखांच्या बाळांवर गाणे केले, चित्रही रंगवले. ही जखम गाण्यातून चित्रात आणि चित्रातून पुन्हा गाण्यात अशी हिंडत राहिली.

परत आल्यावर बाईंनी जे काम केले त्याची मोजदाद करताना मी दमले. १९५७ साली कोन्सेप्सिओन शहरी विद्यापीठाच्या आश्रयाने राहून त्यांनी लोककलेचे संग्रहालय उभे केले. भावाच्या सांगण्यावरून आपले आयुष्य दहा दहा ओळींच्या जुन्या छंदात पद्यात लिहून काढले. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९७० साली निघाले. गिटारवर नुसत्या वाजवायच्या अशा काही रचना केल्या, ज्या ऐकून शिकलेले संगीतकार चकित झाले. त्यांतली एक लांबलचक रचना ससाण्याने कोंबडीवर घातलेल्या झडपेविषयी आहे आणि त्यात बाईंचा आवाज शेवटी शेवटी फाटल्यासारखा होतो. मला ती ऐकवली नाही. मी मुलीला बंद करायला सांगितले. मातीची भांडी आणि बाहुल्या करायला लागल्या. सांतियागोत ला रेना नावाच्या, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या भागात लाकडी फळ्यांचे साधेसे घर बांधले. त्या घरात एकाच खोलीत गिटार, माती, रंग, चूल आणि पोरे एकत्र नांदत.

आता ज्यासाठी मी हे लिहायला घेतले ते सांगते. १९५९च्या सुमारास बाईंना जोराची कावीळ झाली आणि कित्येक महिने अंथरुणावर पडून राहण्याची पाळी आली. हात रिकामे राहिले तर ही बाई वेडी व्हायची. जवळ लोकर होती आणि एक कापडाचा तुकडा होता. भरायला सुरुवात केली. काढायचे होते फूल. पण ते फूल काही होईना, त्याची बाटली झाली. बरे, बाटली तर बाटली, म्हणून तिला बूच लावायला गेल्या, तर बूच माणसाच्या डोक्यासारखे दिसू लागले. मग त्याला डोळे, नाक, तोंड काढले. शेवटी झाली एक बाई, रोज देवळात जाऊन प्रार्थना करणारी. तिचे नावही त्यांनी तसेच ठेवले, भाविक बाई.

भगिनींनो, आपल्या शिवणवर्गात एखादीचे फूल बिघडले की ती काय करते? उसवते. मीही उसवते. बाईंनी उसवले नाही. आधी कापडावर खडूने काही काढायचे नाही, सुई नेईल तिकडे जायचे, हीच त्यांची पद्धत झाली. कापड साधे पोत्याचे, गोणपाट. लोकर जाड. टाके लांब लांब, कुठे दाट, कुठे विरळ, आणि मधे मधे गोणपाट तसेच उघडे सोडलेले. आपल्या प्रदर्शनात असा तुकडा आला असता तर मागच्या बाजूच्या गाठी पाहून आपण त्याला नंबर दिला नसता, हे मला खात्रीने माहीत आहे. पण त्यांवर काय काय भरलेले आहे! सर्कस, लग्न, लढाई, गिटार वाजवणारा माणूस, जीवनाचे झाड. युद्धाच्या विरुद्ध म्हणून भरलेले १९६२ सालचे एक कापड आहे. त्यात माणसे उभी आहेत, प्रत्येकाचा रंग निराळा आणि डोक्यांतून फुले उमललेली. त्यांतली जांभळ्या रंगाची बाई म्हणजे त्या स्वतः, कारण व्हायोलेता म्हणजे जांभळ्या रंगाचे फूल. या कापडांना तिकडे आर्पियेरा म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ मुलीने शोधून सांगितला तेव्हा मला हसू आले. त्याचा अर्थ गोणपाट असाच आहे.

दुखण्यातून उठल्यावर त्या ही कापडे आणि मातीची कामे घेऊन सांतियागोच्या बागेत भरणाऱ्या कलेच्या जत्रेत जाऊन बसल्या. लोकांच्या देखत माती मळत आणि मधेच गाणे म्हणत. शिकलेल्या चित्रकारांना हे रुचले नाही. पुढे रंगांची चित्रे सुरू झाली, तारा वाकवून आकृती करू लागल्या, कागदाच्या लगद्याची उठावाची चित्रे आणि मुखवटे झाले. कोणत्याही कामाचे रीतसर शिक्षण नव्हते. एक काम थकले की दुसरे हाती घेत. आपण नाही का, भाजी चिरून झाली की कणीक मळायला घेतो, आणि दोन्हीच्या मधे दाराशी आलेल्या माणसाशी बोलतो, तसेच.

१९६० साली, त्यांच्या वाढदिवसालाच, जिल्बेर फाव्र नावाचा स्विस तरुण त्यांच्या दारी आला. तो क्लॅरिनेट वाजवी. बाईंपेक्षा तो पुष्कळ लहान. दोघांचा जीव जडला आणि ते बरोबर राहू लागले. १९६२ साली बाई मुलांसह पुन्हा युरोपात गेल्या, आणि पुढली तीन वर्षे जिनिव्हा आणि पॅरिस इथे कष्टात काढली. दिवसा भरतकाम, रात्री गाणे.

पॅरिसला लूव्र म्हणून प्रसिद्ध राजवाडा आहे. त्याच्या एका अंगाला शोभेच्या आणि उपयोगाच्या कलांचे मोठे संग्रहालय आहे. बाईंनी मनात आणले, की आपली कापडे तिथे लागली पाहिजेत. ओळख ना पाळख, स्वतः कामे घेऊन गेल्या आणि विचारले. तिथल्या अधिकाऱ्यांचे प्रथम मन होईना, पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी १९६४च्या एप्रिलमध्ये प्रदर्शन भरले आणि ते मे महिन्यापर्यंत चालले. दक्षिण अमेरिकेतल्या कुणा एकाच कलावंताचे प्रदर्शन तिथे त्यापूर्वी झाले नव्हते असे सांगतात. गोणपाटावरची भरतकामे, तैलचित्रे, तारेच्या आकृती, सगळे मांडले होते, आणि बाई स्वतः तिथे बसून भरत आणि गात असत. शिवणाऱ्या आईची मुलगी पोत्याच्या कापडांनिशी त्या राजवाड्यात बसली होती. त्यांच्या आईला हे कळले तेव्हा काय वाटले असेल, एवढाच विचार माझ्या मनात येतो.

मी सुरुवातीला ज्याविषयी लिहिले तो चित्रपट याच दिवसांतला. त्यात त्यांना विचारतात, की कविता, गाणे, भरतकाम आणि चित्र यांतले एकच ठेवायचे झाले तर कोणते ठेवाल. बाईंनी यांपैकी एकही निवडले नाही. आपण माणसांमध्ये राहणे निवडू, कारण हे सगळे करायला तीच लावतात, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

१९६५ साली त्या मायदेशी परतल्या. मुलांनी, इसाबेल आणि आन्हेल यांनी, सांतियागोत एका जुन्या घरात गाण्याचा अड्डा सुरू केला होता आणि तिथे तरुणांची गर्दी होत असे. बाईंना मात्र स्वतःचे वेगळे काहीतरी पाहिजे होते. ला रेना भागात त्यांनी सर्कशीसारखा मोठा तंबू उभारला. तो १७ डिसेंबर १९६५ रोजी सुरू झाला. हजार माणसे बसतील एवढा. तिथे गाणे, मातीकाम, विणकाम, भरतकाम, नाच सगळे शिकवावे, लोककलेचे विद्यापीठच व्हावे, असे त्यांचे स्वप्न होते. रात्री त्या स्वतः मटणाच्या करंज्यांसारखे पदार्थ करून येणाऱ्यांना वाढत आणि मग हात पुसून गायला बसत. तंबूला लागून मातीच्या जमिनीची खोली होती, तिथेच राहत.

पण जागा शहरापासून लांब. सुरुवातीचे नवल ओसरले आणि माणसे येईनाशी झाली. पावसाळी हिवाळा आला, वाऱ्याने तंबू फाडला, आत चिखल झाला. कधी कधी हजार जागांपुढे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे असत. ज्या बाईंनी माणसांमध्ये राहायचे म्हटले त्यांच्यावर ही वेळ आली. जिल्बेर सोडून बोलिव्हियात निघून गेला. बाई त्याला भेटायला तिकडे गेल्या, तेव्हा तो दुसरीशी लग्न करून बसला होता. स्वभाव तर मुळात करारी, चटकन संतापणारा. जवळची माणसेही दुखावून दूर होत. बाईंना नुसत्या गोड दाखवणे बरोबर नाही, म्हणून हेही लिहिते.

त्याच १९६६ साली त्यांनी आपली शेवटची तबकडी काढली. नावही शेवटच्या रचना असेच ठेवले. तेव्हा त्याचा अर्थ कुणाच्या ध्यानात आला नाही. तिच्यात एक गाणे आहे. डोळे दिले, कान दिले, शब्द दिले, चालून दमलेले पाय दिले, हसू दिले आणि रडूही दिले, म्हणून त्यात जीवनाचे आभार मानले आहेत. पुढे अर्जेंटिनाच्या मेर्सेदेस सोसा यांनी १९७१ साली आणि अमेरिकेच्या जोन बाएझ यांनी १९७४ साली ते गायले, आणि ते जगभर गेले. ५ फेब्रुवारी १९६७ रोजी, त्या तंबूतच, व्हायोलेताबाईंनी आपल्या हाताने आपले जीवन संपवले. वय एकोणपन्नास.

आभाराचे गाणे आणि हा शेवट यांचा मेळ कसा घालायचा, असे मी पुष्कळ दिवस मनाशी घोळवले. मग सोडून दिले. गाणे खरे होते आणि दुःखही खरे होते. आपल्यापैकी कुणीही, गाणारी असो की न गाणारी, अशी एकटी पडू लागली आहे असे दिसले तर तिच्या दारी जावे, एवढे मला वाटते. त्या दिवसांत त्यांच्या तंबूत कुणी नुसते येऊन बसायला पाहिजे होते.

१९७३ साली चिलीत लष्कराने सत्ता बळकावली. हजारो माणसे धरून नेली, कितीएक पुन्हा दिसली नाहीत. बाईंचा मुलगा आन्हेल कैदेत पडला, मुलांना देश सोडावा लागला. त्या काळात सांतियागोतल्या गरीब वस्त्यांतल्या बायका चर्चच्या आश्रयाने एकत्र जमून पोत्याच्या कापडावर चिंध्या शिवू लागल्या. कुणाचा नवरा नेला, कुणाचा मुलगा. बोलायची चोरी, म्हणून त्या शिवत. घर, दार, डोंगर, आणि दारात उभी असलेली बाई. पुष्कळदा घरच्याच जुन्या कपड्याचा तुकडा त्यात लावलेला असे. ही कापडे लपूनछपून परदेशी गेली आणि तिथे काय चालले आहे ते जगाला कळले. त्यांनाही आर्पियेराच म्हणतात. व्हायोलेताबाईंचा टाका निराळा होता, या बायका तुकडे जोडत. आपल्या गोधडीला हे काम अधिक जवळचे आहे.

४ ऑक्टोबर २०१५ रोजी, जन्मदिवशी, सांतियागोत बाईंच्या नावाचे संग्रहालय उघडले. २०२० साली तिथे मोठी आंदोलने चालू असता त्या इमारतीला आगी लागल्या आणि ती जळाली. कापडे मात्र आधीच दुसरीकडे हलवली होती, त्यामुळे वाचली.

तो चित्रपट अजून माझ्या मुलीच्या फोनवर आहे. ज्या भगिनींना पाहायचा असेल त्यांनी कोणत्याही गुरुवारी दुपारी तीननंतर आमच्याकडे यावे. ज्यांच्या आई, सासू किंवा आजी ओव्या म्हणतात त्यांनी त्यांनाही बरोबर आणावे. वही मी आणून ठेवली आहे.